घसा बसल्यामुळे: एक तुलनात्मक अभ्यास

२ फेब्रुवारी
रजा मंजूर झाली. कारण, घसा बसला आहे. सही करताना प्राचार्य म्हणाले, सावकाश बरे व्हा. त्यातला ‘सावकाश’ मला खटकला.

नोंद असावी म्हणून काय झालं ते लिहून ठेवतो. दुसऱ्या वर्षाच्या वर्गावर ‘मानसशास्त्रातील प्रमुख दृष्टिकोन: तुलना’ हा तास चालू होता. हा तास म्हणजे माझा हातखंडा. फळ्यावर तक्ता काढायचा. एका बाजूला खाली खाली मनोविश्लेषण, वर्तनवाद, मानवतावाद, बोधात्मक, जैविक. वर रकाने: माणूस असा का वागतो, पुरावा काय, उपाय काय. तक्ता भरत आला होता. पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं, सर, यातला तुम्हाला स्वतःला कुठला पटतो. प्रश्न साधा होता. उत्तर तोंडात आलंच होतं, पण बाहेर पडेना. हातात खडू आणि तोंड उघडं, असा मी उभा राहिलो. वर्गाला आधी वाटलं की हे प्रात्यक्षिक आहे. मग कुणीतरी खोकलं. मग मी डस्टर घेऊन बाहेर आलो. डस्टर अजून घरी आहे.

तर हा घसा. दुसरं काही नाही.

रजेचा फायदा उठवायचा. प्रकाशक पुस्तकातल्या तुलनेच्या प्रकरणासाठी केव्हाचा मागे लागलाय. ते लिहून हातावेगळं करायचं. पहाटे उठायचं, फिरायला जायचं, जेवणापर्यंत चार पानं. २४ तारखेला ताज्या दमाने वर्गावर.

३ फेब्रुवारी
उठलो तेव्हा मुलगी शाळेत आणि बायको तिच्या दवाखान्यात गेलेली. (ती दातांच्या डॉक्टरकडे स्वागतकक्षात असते. दिवसभर घाबरलेल्या लोकांना, काही होत नाही, बसा, असं सांगते.) फिरायला जायची वेळ टळून गेली होती. प्रकरणाचं शीर्षक लिहिलं. ठळक केलं.

५ फेब्रुवारी
पुस्तकं आणायला कॉलेजच्या ग्रंथालयात गेलो. म्हणजे गेटपर्यंत. तिथे आठवलं की पुस्तकं घरीच आहेत. घरी येऊन पाहिलं तर नव्हती, पण असू शकली असती.

मेहुणे आले होते. हिचे थोरले भाऊ, मोटार शिकवण्याची शाळा चालवतात. माझ्या घशावर मनापासून विश्वास ठेवणारा हा एकच माणूस. गरम पाण्याची पिशवी, वाफ घ्यायचं यंत्र आणि चघळायच्या गोळ्या घेऊन आले. बोलू नका, म्हणाले, आणि मग दोन तास स्वतःच बोलले.

८ फेब्रुवारी
एक कल्पना सुचली. पाचही दृष्टिकोन एकाच माणसावर लावून बघायचे आणि तुलना करायची. पुस्तकी तुलना कुणीही करतं. हाताशी रिकामा माणूस मीच आहे. मला काही झालेलं नाही, त्यामुळे अभ्यास निःपक्षपाती होईल.

वर्तनवादापासून सुरुवात. या मंडळींना मनाशी काही देणंघेणं नसतं, हे मला सध्या फार सोयीचं वाटतं. माणूस करतो काय तेवढं बघायचं. बक्षीस मिळालेलं वागणं टिकतं. कोपरा, बस स्टॉप, पूल, गेट, जिना, वर्ग. दर टप्प्याला एक क्रीमचं बिस्किट. पुडा खिशात टाकला.

संध्याकाळी: कोपऱ्यावर एक खाल्लं. बस स्टॉपवर दुसरं. बस आली, गेली. घराकडे वळलो तसं एकदम इतकं हलकं वाटलं की बिस्किटाची गरजच पडली नाही. नंतर लक्षात आलं की ते हलकं वाटणं हेच खरं बक्षीस. म्हणजे आज मी घरी परतायला शिकलो. वर्तनवाद सिद्ध झाला. उरलेला पुडा मी आणि मुलीने टीव्हीसमोर संपवला. ती म्हणाली, बाबा घरी असतो ते मस्त आहे.

९ फेब्रुवारी
कोपऱ्यापर्यंतही पाय निघाला नाही. वर्तनवाद जरा जास्तच सिद्ध झाला आहे.

११ फेब्रुवारी
मनोविश्लेषण. सोफ्यावर आडवं पडायचं आणि मनात येईल ते बोलायचं. विश्लेषकाने मागे बसायचं, दिसायचं नाही, मत द्यायचं नाही. हिला विचारलं. कपड्यांच्या घड्या घालत बसेन, म्हणाली. चालेल म्हटलं.

रीतीप्रमाणे वडिलांपासून सुरुवात केली. जेवायला बसलं की ते कसे उलटतपासणी घ्यायचे, चुकीचं उत्तर आलं तर न ओरडता फक्त चष्मा काढून ठेवायचे, आणि त्या चष्म्याचीच मला कशी धास्ती असायची. ही म्हणाली, हे तू मला लग्नाआधीच सांगितलंयस. त्या दिवशी वर्गात कसली भीती वाटली ते सांग. विश्लेषकाने असे थेट प्रश्न विचारायचे नसतात, हे मी समजावून दिलं. ती पुन्हा घड्या घालू लागली. मग माझा डोळा लागला.

जाग आली तेव्हा अंगावर चादर होती आणि ही स्वयंपाकघरात. डोळे लाल होते. कांदा चिरला असावा. जेवणात कांदा नव्हता.

१३ फेब्रुवारी
मानवतावाद. माणूस मुळात चांगला असतो. अटी न घालता त्याला स्वीकारलं की तो आपोआप फुलतो. सकाळी आरशासमोर उभा राहून स्वतःला विनाअट स्वीकारलं. बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की कॉलेजात जाण्याचं काही कारणच उरलं नाही. जो माणूस आहे तसाच ठीक आहे त्याने बस कशाला पकडायची?

हिला म्हटलं, तूही मला विनाअट स्वीकार. स्वीकारलंय, आता दाढी कर, म्हणाली.

दाढी केली. मानवतावादाची ही मर्यादा प्रकरणात घ्यायची.

१४ फेब्रुवारी, दुपार
मेहुण्यांनी आग्रह करून घशाच्या डॉक्टरकडे नेलं. मध्ये जैविक दृष्टिकोन उरकून घ्यावा म्हणून मी गेलो. डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं आणि शेजारच्या खोलीतल्या शिकाऊ डॉक्टरला हाक मारली. मला वाटलं, संपलं. तर त्याला दाखवून म्हणाले, निरोगी स्वरयंत्र कसं असतं ते बघून ठेव. मेहुण्यांचा चेहरा पडला.

मग डॉक्टरांनी झोप विचारली, भूक विचारली, छातीत धडधडतं का विचारलं. मेंदूतली रसायनं वगैरे थोडं बोलले आणि एका मनोविकारतज्ज्ञांचं नाव कागदावर लिहून दिलं. मीच मानसशास्त्राचा माणूस आहे, असं मी हसत म्हटलं. ते हसले नाहीत. कागद मेहुण्यांनी घेतला. गाडीत ते प्रथमच काही बोलले नाहीत. घराशी सोडताना म्हणाले, लागलं तर मला सांगा, मी नेईन. नाराजच झालो. निदान त्यांनी तरी घशावर ठाम राहायला हवं होतं.

१६ फेब्रुवारी
बोधात्मक दृष्टिकोन. हा खरा माझ्या स्वभावाचा. प्रसंग माणसाला घाबरवत नाही, प्रसंगाबद्दलचा विचार घाबरवतो. तेव्हा विचार पकडायचा आणि त्याची उलटतपासणी घ्यायची. विचार: मला वर्गात बोलता येणार नाही. बाजूने पुरावा: एकदा आलं नाही. विरुद्ध पुरावा: इतकी वर्षं रोज आलं. निकाल सरळ माझ्या बाजूने लागला. तडक कपडे करून निघालो, बसमध्ये बसलो, गेटवर उतरलो.

गेटला मात्र हा निकाल कुणी कळवलेला नव्हता. वॉचमन उठून उभा राहिला, साहेब, घसा कसा आहे, असं त्याने विचारलं. बरा आहे, एवढंच म्हणायचं होतं. आवाज फुटला नाही. मी बोटाने घसा दाखवला आणि परत फिरलो. तो मागून म्हणाला, काळजी घ्या.

घसा चांगला आहे हे मला माहीत आहे. तिथे वर्ग नव्हता, फळा नव्हता, मुलं नव्हती. एक माणूस आपुलकीने विचारत होता. फार भीती वाटली. लिहून टाकतो, वाचणारं कोण आहे.

१७ फेब्रुवारी
प्राचार्यांचा फोन. मी घेतला नाही, हिने घेतला. २४ ला हजर व्हा, अकराचा तास घ्या, नाहीतर विषय नव्या मॅडमकडे जाईल, यंदापुरता नव्हे, पुढेही. नवी मॅडम म्हणजे आमच्या विभागात नुकतीच लागलेली. तिचाही मेसेज होता. सरांचा तक्ता मी पुसला नाहीये, बाजूच्या फळ्यावर शिकवते आहे. आणि पहिल्या बाकावरची ती मुलगी आपल्या प्रश्नाने सरांना त्रास झाला म्हणून रडत होती.

तिच्या प्रश्नाचा काही संबंध नाही, असं कळवलं. मेसेजमध्ये मी अजून चांगला बोलतो.

तक्ता पुसायला हवा होता. डस्टर माझ्याकडे आहे हे खरं, पण दुसरं आणता आलं असतं.

१८ फेब्रुवारी
मुलगी शाळेत गेली नाही. घसा बसलाय, म्हणाली. आवाज खणखणीत.

२२ ला तिच्या शाळेत मनोगत-स्पर्धा आहे. तिने विषय घेतलाय चपलेचं मनोगत. ‘मी डावी चप्पल बोलते आहे’ अशी सुरुवात. तिनेच लिहिलं आहे, झकास लिहिलं आहे. काल सरावात मध्येच अडली आणि मुलं हसली. आता जायचं नाही म्हणते.

माणूस दुसऱ्याचं बघूनही शिकतो, हे वर्तनवाद्यांच्या पुढच्या पिढीने दाखवून दिलं. उदाहरण नेमकं आहे. प्रकरणात घालणार नाही.

हिने दवाखान्यात जाताना दारात थांबून माझ्याकडे पाहिलं फक्त. ओरडली असती तर बरं झालं असतं.

१९ फेब्रुवारी
हिने सांगितलं, तू तिच्याशी बोल, मला जमत नाहीये. बोललो. माझा विषयच आहे. सगळे दृष्टिकोन चपलेचं उदाहरण घेऊन समजावले. मनोविश्लेषण म्हणेल, चप्पल लहानपणी हरवली होती. वर्तनवाद म्हणेल, चपलेला काटा टोचला. बोधात्मकवाले म्हणतील, काटा आहे असं चपलेला वाटतंय. हसली. मग तिने विचारलं, बाबा, यातलं खरं कुठलं?

प्रत्येकाची काही बलस्थानं आहेत आणि काही मर्यादा, असं मी म्हटलं.

मग मी काय करू, म्हणाली.

खिडकी उघडी होती, ती मी बंद केली. मग पुन्हा उघडली. तेवढ्यात तिनेच तोडगा काढला. मी २२ ला बोलते, तू मागे बस. घरी म्हणून दाखवताना मी अडले की तू मान हलवतोस ना, तसं केलंस की मला पुढचं आठवतं. आणि मी बोलले की २४ ला तू बोलायचंस. मी विचार करतो म्हटलं. त्यात विचार काय करायचा, म्हणाली.

कबूल केलं.

२१ फेब्रुवारी
दोन दिवस सराव. ती पलंगावर उभी, मी दाराजवळच्या खुर्चीत. उजवी चप्पल हरवते तिथे हमखास अडते. मी मान हलवतो, आणि गाडं सुटतं. यात सिद्धांत कुठला, हे शोधून मिळालं नाही. प्रकरण पुढे सरकलं नाही, पण घरात हसणं ऐकू आलं. ही दारात येऊन ऐकत उभी राहिली. मला वाटतं, २४ ची आता चिंता नाही. प्राचार्यांना कळवून टाकलं, येतोय.

२२ फेब्रुवारी, संध्याकाळ
हिला सुटी मिळाली नाही. मी एकटाच गेलो. वेळेआधी. शेवटच्या रांगेत, खांबाजवळच्या खुर्चीवर रुमाल ठेवला. मुलीने स्टेजच्या बाजूने डोकावून पाहिलं, मी हात केला. सगळं यथासांग.

मग मुख्याध्यापिका आल्या. फार गोड बाई. म्हणाल्या, प्राध्यापक आहात, शेवटी पालकांतर्फे दोन शब्द तुम्हीच बोला. मी पाणी पिऊन येतो म्हटलं. पाण्याचा नळ बाहेर होता. गेट त्याच्यापुढे लगेच. गेटाबाहेर सावली होती.

तिथे उभा राहिलो. मधूनमधून टाळ्या ऐकू येत होत्या. कुठल्या कुणाच्या, कळत नव्हतं. निरीक्षक हजर असला की निरीक्षणावर परिणाम होतो, ही आपल्या शास्त्रातली जुनी अडचण आहे. त्या दृष्टीने पाहिलं तर बाहेर थांबणं योग्यच होतं. दोनदा आत जायला निघालो. दुसऱ्या वेळी नळापर्यंत पोचलो.

सुटल्यावर ती धावत आली. धापा टाकत होती. अडले रे मध्ये, म्हणाली, उजवी चप्पल हरवते तिथेच, सगळं डोक्यातून गेलं. तोंडावर लाइट होता, मागची फक्त डोकी दिसत होती, खांबाजवळ तू दिसलास, तू मान हलवलीस आणि आठवलं. मी किती वेळ थांबले होते रे, फार वेळ का, असं विचारलं.

मी ‘हं’ म्हटलं. ‘हं’ हा शब्द नव्हे. त्यामुळे खोटं बोललो असं म्हणता येणार नाही.

तिने माझा हात धरला तो घर येईपर्यंत सोडला नाही.

२३ फेब्रुवारी
आज तिच्या शाळेला सुटी. सकाळपासून हिला तेच तेच रंगवून सांगते आहे. मी अडले, बाबाने मान हलवली. हिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती नजर मी विसरलो होतो. मेहुण्यांनाही फोन गेला. ते म्हणाले, मी कधीच घशावर विश्वास ठेवला नव्हता, पण बरं झालं.

जेवण गेलं नाही. आनंदाने असं होतं.

उद्याही तिच्या शाळेला सुटी आहे. मुलगी म्हणाली, मी येते, वर्गात मागे बसते. तू अडलास की मी हलवीन मान. ही म्हणाली, घेऊन जा, एवढी हौस आहे तर. सांगून टाकावं असं दोनदा मनात आलं. दोन्ही वेळा ती खिदळत होती. उद्या तास छान झाला की सांगू. तेव्हा त्याचं एवढं काही वाटणार नाही.

शर्टाला इस्त्री केली. डस्टर पिशवीत भरलं.

२४ फेब्रुवारी, १०.४०
गेटसमोर. वही बरोबर घेतली आहे, निरीक्षणं ताजी टिपावीत म्हणून. बसमध्ये मुलगी खिडकीशी बसली आणि सगळी वाट चप्पल म्हणून दाखवली. वॉचमनने सलाम केला. बरा आहे, असं मी मोठ्याने म्हटलं. आवाज आला. उत्तम सुरुवात.

नवी मॅडम गेटवर भेटली. तिने मुलीला हाताशी धरलं, चल, तुला जागा दाखवते, म्हणाली. मुलीने मला बजावलं, मी अगदी मागे असेन, तिथेच बघ. मी म्हटलं, हो पुढे, आलोच. रस्त्यापलीकडे कट्टा आहे, तिथे जरा श्वास घ्यायला बसलो.

१०.५५
पहिलं वाक्य ठरवलं. मित्रांनो, मागच्या वेळी आपण एका प्रश्नापाशी थांबलो होतो. छान आहे. थोडं हसतील. मग उत्तर.

११.०५
घंटा झाली. हे वाक्य पुरं झालं की उठतो.

११.१०
वाक्य फार आखूड झालं. परिच्छेद पुरा करून उठावं. खिडकीत मुलं दिसताहेत. पहिल्या मजल्यावरची तिसरी खिडकी, तो माझा वर्ग. मागचा बाक इथून दिसत नाही. ती दाराकडे बघत असेल. प्रत्येक वेळी पावलं वाजली की तिला वाटत असेल, आला. छातीत धडधडतं आहे. शास्त्रीय दृष्टीने पाहिलं तर

११.२५
शास्त्रीय दृष्टीने काहीही पाहिलेलं नाही. मला आत जाता येत नाहीये.

१२.१०
ती बाहेर आली. एकटीच. गेटाशी थांबून दोन्ही बाजूंना पाहिलं आणि मी दिसल्यावर रस्ता ओलांडून आली. मला वाटलं रडेल. रडली नाही. शेजारी बसली. मॅडमनी तास घेतला, म्हणाली, तू फळ्यावर काढलेला तक्ता तिथेच आहे, अपुरा.

मग विचारलं, तू सगळा वेळ इथेच होतास का. मी हो म्हटलं.

ती कॉलेजच्या गेटाकडे बघत राहिली. एखादं गणित मनात सोडवताना बघते तशी. मग माझ्याकडे वळली आणि तिने विचारलं, मग परवा मान कोणी हलवली.

माहीत नाही, असं मी सांगितलं. कुणीतरी बसलं असेल तिथे.